येळवशीला लिहायला बसलेला माणूस

"अरे, कुणी हाय का न्हाई या गावात? कुणी जित्तं माणूस हाय का?"

मुनीरभाई लातूरच्या गोलाईत, म्हणजे गोल बाजारपेठेच्या मधोमध, भर दुपारी, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते. त्यांचा आवाज एका रस्त्यानं गेला, साऱ्या बाजाराला वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं परत आला, आणि येताना एकटाच आला. एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं एक डोळा उघडला, आम्हा दोघांकडं पाहिलं, ही माणसं बाहेरगावची दिसतात असं ठरवलं आणि तो डोळा परत मिटून घेतला. एरवी त्या जागी उभं राहायचं तर अंगावरून हातगाडे, ॲटो, म्हशी आणि एखादी वरात गेल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मी रस्त्यावर सतरंजी टाकून आडवा झालो असतो आणि संध्याकाळपर्यंत कूस बदलत राहिलो असतो, तरी कुणी हॉर्न वाजवला नसता.

त्या दिवशी येळवस होती. म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो, आणि ज्याला कुणीच बोलावलं नाही असा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. दुकानं बंद, हॉटेलं बंद, दवाखान्यातले पेशंटसुद्धा सकाळीच बरे होतात. चोरी त्या दिवशी होत नाही, कारण चोरही कुणाच्या तरी रानात, कडब्याच्या कोपीत मांडी घालून भज्जी खात असतात. सरकारला संचारबंदी लावायची तर केवढा बंदोबस्त लागतो. आमच्याकडं आंबिलीचं एक मडकं तेच काम करतं.

मग आम्ही दोघं तिथं काय करत होतो? आम्ही नाटकाचा शेवट शोधत होतो. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी चहा शोधत होतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा भाजीबाजारात बायकांच्या पिशव्यांतून वाटाणा, वालाच्या शेंगा, चुका आणि कोवळा हरभरा डोकं काढून बघायला लागला. कुंभाराच्या ओट्यावर आंबिलीची मडकी मांडली गेली. गल्लीत कुणीतरी ताक आंबवत ठेवलं, त्याचा आंबूस वास पहाटे खिडकीतून आत आला आणि माझ्या हातातलं पेन आपोआप खाली ठेवलं गेलं. त्याच सकाळी मोबाईलवर एक जाहिरातही आली. डोंगरात एक बंगला आहे, तिथं लेखक-कलावंतांनी येऊन राहायचं, फोन बंद ठेवायचा, पक्षी ऐकायचे, झाडाखाली शांत बसायचं. म्हणजे प्रतिभा पुन्हा चार्ज होते म्हणे. मी ती जाहिरात दोनदा वाचली. माणूस काय मोबाईल आहे? आणि झाडाखाली बसायला नाव नोंदवावं लागत असेल तर ते झाड आहे की कचेरी? आमच्याकडं हेच काम गेल्या कित्येक पिढ्या फुकट होतं, वर पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ घालतात, आणि प्रतिभेचं पुढं काय झालं हे कुणी विचारतसुद्धा नाही.

मुनीरभाई म्हणजे लातुरातले जुने शिंपी. त्यांच्या वडलांनी निजामाच्या काळात शेरवान्या शिवल्या. मुनीरभाईंनी नवरदेवांचे सूट, पुढाऱ्यांचे कुडते आणि शाळेचे गणवेश शिवले, आणि उरलेल्या चिंध्यांतून नाटकं उभी केली. दरवर्षी हिवाळ्यात नांदेडला हौशी नाटकांची स्पर्धा व्हायची, आणि दरवर्षी मुनीरभाई आपला संघ घेऊन जायचे. नाटक मी लिहायचो, बसवायचे ते, कपडे शिवायचे ते, आणि पडदा ओढायलाही तेच, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून तो सरळ पडतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी शिवलेल्या अंगरख्यात लाकडाचा ओंडका उभा केला तरी त्याच्या तोंडून संवाद यायचे. मी पाहिलंय. आमचा एक नट तसाच होता.

पण त्या साली गोष्ट वेगळी होती. त्यांचा मुलगा हैदराबादला स्थिरावला होता आणि बापाला तिकडं घेऊन चालला होता. दुकान रिकामं करायचं ठरलं होतं. संक्रांतीनंतर मुनीरभाई लातुरात नसणार, म्हणजे हे नाटक त्यांचं शेवटचं. त्यांनी तसं एकदाच सांगितलं, तेही सुईत दोरा ओवताना, माझ्याकडं न बघता. "यंदा पडदा उघडला पायजे रायटर. न्हाई उघडला तर मी काय घिऊन जाऊ तिकडं? शिलाई मशीन?"

मला ते रायटर म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला इतक्या वर्षांत मोजता आलं नाही.

नाटक दोन भावांचं होतं. दोघांत एक बांध, बांधावर एक बाभळ, आणि बांध इकडं सरकवला की तिकडं यावरून अबोला. हे नाटक माझे मावसभाऊ भानुदासदादा आणि पांडुरंग यांच्यावर लिहिलेलं नव्हतं, हे मी तेव्हाही शपथेवर सांगत होतो आणि आताही सांगतो. फक्त भाऊ दोन होते, बांध तोच होता आणि बाभळ तीच होती. थोरल्या भावाचं काम भानुदासदादाच करत होता. तालमीत धाकट्या भावाच्या अंगावर जाताना तो मी न लिहिलेल्या अशा शिव्या घालायचा, की धाकट्याचं काम करणारा बँकेतला किरकोळ गडी दुसऱ्या दिवशी रजा टाकायचा.

सगळं जमलं होतं. जमत नव्हता तो शेवट. मी एक लिहिला, त्यात बाभळीवर वीज पडते आणि थोरला भाऊ मरतो. मुनीरभाईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पायजम्याला टाय बांधलास." मी दुसरा लिहिला, त्यात म्हातारी आई मधे येऊन पानभर बोलते. ते म्हणाले, "ही शिलाई न्हाई, हे रफू हाय." तिसऱ्यात कोर्ट आलं, चौथ्यात दुष्काळ, पाचव्यात आजोबांचं भूत. माझ्या भाच्यानं मोबाईललाच विचारून एक शेवट आणला. त्यात मावळत्या सूर्याच्या साक्षीनं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मुनीरभाईंनी तोही नीट ऐकून घेतला. "रेडिमेड हाय," ते म्हणाले. "कुणालाबी बसंल. म्हणून कुणालाच बसत न्हाई."

मी तेव्हा किती लिहीत होतो हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. जेवताना लिहीत होतो. दाढी करताना आरशावर लिहीत होतो. झोपेत माझा हात चालायचा आणि सकाळी चादरीवर संवाद उमटलेले असायचे. बायकोनं ती चादर धुतली आणि म्हणाली की पाणीसुद्धा रडवं निघालं. स्पर्धा जवळ येत चालली होती, आणि मुनीरभाई दर संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचे, "लिहिलास का?" नांदेडहून कळवलं होतं की अर्धवट नाटक रंगमंचावर चढू देणार नाहीत. शेवट नाही तर पडदा नाही.

मग मुनीरभाईंच्या डोक्यात ती कल्पना आली. येळवशीला सारं लातूर रानात जातं, म्हणजे गिऱ्हाईक नाही, फोन नाही, गल्लीत पोरांचा गलका नाही. वर्षातला सगळ्यात शांत दिवस. त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत मला बसवायचं आणि शेवट बाहेर काढायचा. ते कपड्यांना बटणं लावणार, मी नाटकाला शेवट लावणार. मलाही ते पटलं. आणि इथंच आम्ही ती चूक केली, जी फक्त लातूरकरच करू शकतो. आम्ही दोघं जन्मापासून या गावातले, पण येळवशीचं गाव कसं असतं हे दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. पाहणार कुठून? दरवर्षी आम्ही रानातच असायचो.

सकाळी बसलो. शांतता होती, यात वादच नाही. पण ती शांतता साधी नव्हती. एरवी गोंगाट अंगावर येतो, त्या दिवशी शांतताच दार लोटून आत आली आणि खुर्ची ओढून बसली. मला भिंतीवरच्या टेपेतले इंच सरकताना ऐकू येत होते. डोक्यात केस उगवत होते त्याचा आवाज येत होता. मुनीरभाईंनी बटणात सुई घातली की मला दचकायला व्हायचं. कागदावर मी 'शेवट' एवढा एक शब्द लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली, मग ती रेघ जाड केली, मग तिला पानं-फुलं काढली. दुपारपर्यंत त्या रेघेवर एक पूर्ण बाग उगवली होती.

मग भूक लागली. मुनीरभाईंच्या घरी चूलच पेटलेली नव्हती. त्यांच्या बेगम सकाळीच शेजारच्या बायकांबरोबर टेंपोतून कुणाच्या तरी रानात गेल्या होत्या. आज घरी कोण जेवतं, असा त्यांचा सरळ हिशेब. माझं घरही कुलूपबंद. आम्ही चहाला म्हणून बाहेर पडलो. पहिलं हॉटेल बंद, दुसरं बंद, बसस्टँडजवळचं, जे दंगलीतही बंद नसतं, तेही बंद. असं फिरत फिरत आम्ही गोलाईत आलो, आणि जन्मभर सुईइतकं बारीक बोलणाऱ्या मुनीरभाईंनी तिथं मधोमध उभं राहून हाक मारली.

कुणी ओ दिली नाही. मुनीरभाईंनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. "भानुदासच्या रानात जाऊ," म्हणाले. "दोन घास खायचे आन् वापस. कागदं संग घे."

दोन घास. औसा रोडला लागलो आणि पहिल्याच वळणावर एका रानातून एक अनोळखी माणूस हात हलवत धावत आला. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची असते आणि हाक मारली की नाही म्हणायचं नसतं. थांबलो. कडब्याची कोप, आत पूजेचे चुना लावलेले पाच दगड, समोर घोंगडीवर पंगत. बेसन आणि ताकात शिजवलेली भज्जी, जिच्यात शिवारातली एकही भाजी आणि एकही शेंग सुटलेली नसते, बाजरीचे उंडे, खपली गव्हाची खीर, आणि वर आंबील. पुढच्या रानात परत तेच. त्याच्या पुढच्या रानात परत तेच, फक्त आग्रह जास्त. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, दिसायला गरीब. पण एक ग्लास प्याला की गुडघे सैल होतात, दोन प्याले की वैरी आठवत नाहीत, आणि तिसऱ्यानंतर माणूस आपलं नावही दुसऱ्याला विचारून सांगतो. आमची स्कूटर पुढं सरळ रस्त्यावरसुद्धा वळणं घेत चालली होती. मुनीरभाई म्हणाले, रस्ता हलायला लागलाय. मी म्हणालो, हलू द्या, तोही आज सुट्टीवर असंल.

भानुदासदादाच्या रानात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याची बायको, आमच्या सिंधूवहिनी, कोपीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आम्ही वाटेत जेवून आलोय हे त्यांनी आमच्या चालण्यावरूनच ओळखलं आणि त्याचा त्यांना राग आला. पण त्याहून जास्त राग आला तो माझ्या काखेतल्या पिशवीचा.

"भावजी, हे काय दप्तर आणलाव? आज शाळा हाय का?"

मी म्हणालो, नाटक आहे, शेवट राहिलाय, जेवलो की बाभळीखाली बसून लिहितो.

"बैलाला आज औत न्हाई, विळ्याला धार न्हाई," वहिनी म्हणाल्या, "आन् तुमच्या पेनालाच सुट्टी न्हाई व्हय? आणा हिकडं."

त्यांनी पिशवी घेतली आणि शेळीच्या तोंडाला लागू नये म्हणून बाभळीच्या फांदीला उंच टांगून ठेवली. माझं दोन अंकी नाटक, मुनीरभाईंचं शेवटचं नाटक, प्लास्टिकच्या पिशवीत वाऱ्यावर झोके घेऊ लागलं. मुनीरभाईंनी ते पाहिलं. ते घोंगडीवर बसले आणि त्यांनी पितळी पुढं केली.

त्यानंतरचं माझ्या आठवणीत सलग नाही, तुकड्यातुकड्यानं आहे. हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटांना लागायची आणि ती बोटं चाटली की जिभेला झिणझिण्या. करडईचे काटे पोटरीला. ज्वारीच्या पोटऱ्यांतून येणारा वारा, आधी लांबून सळसळ ऐकू यायची आणि मग तो अंगावर यायचा, एखाद्या पाहुण्यानं अगोदर खाकरून मग घरात यावं तसा. पाठीखाली ढेकळं, ढेकळांत साठलेलं दिवसभराचं ऊन. लहानपणी वडील आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात निघायचे, मी त्यांच्या मागं त्यांच्या सावलीत पाय टाकत चालायचो. ती सावली मडक्यामुळं एवढी उंच व्हायची की तिचं डोकं पुढच्या गावात असायचं. तेव्हाही जेवण झालं की आम्ही असेच आडवे व्हायचो. कुणी कुणाला झोप म्हणत नसे. 

झोपांचेही प्रकार आहेत. घरची झोप असते, तिच्यात उद्याचं काम उशाला असतं. एसटीतली झोप असते, तिला शेजाऱ्याचा खांदा लागतो. भाषणातली झोप असते, ती टाळ्यांनी मोडते. येळवशीची झोप या कशातच बसत नाही. तिच्यात माणूस झोपत नाही, तो ठेवला जातो. टोपलीत भाकरी ठेवावी तसा. पुढं त्याचं काय करायचं ते दिवस बघून घेतो. लोक म्हणतात, विश्रांती घेतली की काम चांगलं होतं. असेल. पण कामासाठी घेतलेली विश्रांती हेही शेवटी कामच, फक्त आडवं होऊन केलेलं. त्या घोंगडीवर मला नाटक आठवत नव्हतं, एवढंच मी सांगू शकतो. फांदीवरची पिशवी मला दिसत होती आणि ती कुणाची आहे हे मला आठवत नव्हतं.

बांधापलीकडं पांडुरंगाची कोप होती. वाटणी झाल्यापासून दोघा भावांच्या कोपी वेगळ्या आणि बोलणं बंद. पण येळवशीला सिंधूवहिनी भज्जीची वाटी बांधावर ठेवून यायच्या. थोड्या वेळानं पलीकडून जावेचा हात यायचा, वाटी उचलली जायची, आणि खीर भरून परत बांधावर यायची, कारण वाटी रिकामी परत द्यायची नसते. भाऊ एकमेकांकडं पाठ करून जेवले. मग भानुदासदादा आडवा झाला. पलीकडं पांडुरंगही आडवा झाला. दोघांची डोकी बांधाकडं, कारण आख्ख्या शिवारात सावली तेवढीच, बांधावरच्या बाभळीची.

इथून पुढं जे घडलं ते मी पाहिलं नाही. मी माणूस लेखक असलो तरी त्या वेळी घोरत होतो. हे मला सिंधूवहिनींनी नंतर सांगितलं, आणि त्या कोपीच्या दारात भांडी घासत बसल्या होत्या म्हणून त्यांनी सारं पाहिलं. दुसरा पाहणारा माणूस म्हणजे मुनीरभाई. आडव्या झालेल्या आम्हा सगळ्यांत ते एकटे जागे होते.

ऊन उतरत गेलं तशी बाभळीची सावली सरकत गेली. भानुदासदादाच्या तोंडावर ऊन आलं की तो झोपेतच सावलीकडं सरकायचा. सावली आणखी पुढं गेली, तो आणखी सरकला. सावली बांधावर चढली, तोही चढला. जागेपणी ज्या बांधावरून तो भावाचा जीव घ्यायला निघायचा, तो बांध त्यानं झोपेत कुशीवरून ओलांडला आणि पलीकडं भावाच्या रानात, भावाच्या घोंगडीच्या काठावर जाऊन पडला. तोंड उघडं, घोरणं चालू. तलाठी तिथं असता तर अतिक्रमणाचा पंचनामा करावा लागला असता.

पांडुरंगानं डोळा उघडला. शेजारी थोरला भाऊ. त्यानं थोडा वेळ बघितलं. मग तो स्वतः वीतभर तिकडं सरकला, घोंगडीवर जागा झाली, आणि त्यानं डोळा परत मिटून घेतला.

एवढंच. पुढं भानुदासदादा जागा झाला, आपण कुठं आहोत ते त्यानं पाहिलं, धोतर झटकलं आणि घाईघाईनं बांधाच्या अलीकडं आला. सांज झाल्यावर येळवशीच्या रिवाजाप्रमाणं दोन्ही रानांत कडब्याच्या पेंड्या पेटल्या, आपापल्या शिवारातून फिरल्या आणि विझल्या. ते भाऊ सुधारले असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या, पण दोनच दिवसांनी पांडुरंगाच्या बैलावरून पुन्हा तेच सुरू झालं. अजून चालू आहे.

परतताना मी स्कूटरवर मागं बसलो होतो, पिशवी मांडीवर. मला आता नाटक आठवलं होतं. वर्षातला सगळ्यात शांत दिवस गेला, आणि माझ्याकडं एका रेघेवरच्या बागेशिवाय काही नव्हतं. मुनीरभाईंनी त्या दिवशी 'लिहिलास का' विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं. लातूरच्या वेशीत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या तालमीला घोंगडी घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी नाटकातल्या दोन्ही भावांना बांधाच्या दोन बाजूंना झोपवलं, एक दिवा बाभळीच्या मागं लावला आणि तो हळूहळू सरकवायला सांगितला. भानुदासदादाला म्हणाले, सावलीमागं सरकत जा, बांध ओलांड, पलीकडं जाऊन पड. भानुदासदादा उठून बसला.

"मी कशाला जाऊ त्याच्या रानात?"

"झोपेत जातोस."

"मी झोपेतबी जानार न्हाई, भाई. मला वळखत न्हाईत तुमी."

मुनीरभाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या सिंधूवहिनींकडं पाहिलं. वहिनींनी पदर तोंडात धरला होता. "बरं," मुनीरभाई म्हणाले, "नाटक हाय म्हणून जा." आणि बँकेतल्या गड्याला त्यांनी वीतभर सरकायला शिकवलं. सगळी तालीम त्या वीतभरासाठी झाली. जास्त सरकला की ते थांबवायचे, कमी सरकला की थांबवायचे. कापडावर खडूची खूण करावी तशी त्यांनी ती जागा ठरवली. मी माझे सगळे शेवट घेऊन बाजूला बसलो होतो. एकालाही कुणी विचारलं नाही.

बक्षीस दुसऱ्या संघाला गेलं, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघायला नको. पण पडदा उघडला. नांदेडच्या त्या नाट्यगृहात, खुर्च्या करकरणाऱ्या, पंखे नाटकापेक्षा मोठ्यानं बोलणारे, आमचं नाटक शेवटपर्यंत झालं. शेवटाला दिवा सरकायला लागला आणि भानुदासदादा, ज्यानं आदल्या रात्री जागरण आणि दुपारी भरपेट जेवण केलं होतं, रंगमंचावर खरंच झोपला. त्याचं घोरणं मागच्या भिंतीपर्यंत गेलं. लोक आधी हसले. तो बांध ओलांडून पलीकडं पडला तेव्हा आणखी हसले. मग धाकट्यानं डोळा उघडला, बघितलं, वीतभर सरकला, डोळा मिटला. कुणी हसलं नाही. मुनीरभाईंनी पडदा इतका हळू ओढला की तो पडतोय की रात्र होतेय हे कळू नये. पांडुरंग त्या दिवशी नांदेडला आला नव्हता, असं तो आजही सांगतो. शेवटच्या रांगेत मफलरीनं तोंड गुंडाळून बसलेला आणि दिवे लागायच्या आत निघून गेलेला माणूस दुसराच कुणीतरी असणार.

मुनीरभाई आता हैदराबादला असतात. दर येळवशीला त्यांचा फोन येतो, भज्जीत चुका घातला का, आंबील आंबली का, एवढंच विचारतात. या वर्षीही येईल. नवीन काय लिहिलंस हे ते विचारत नाहीत, आणि मीही सांगत नाही. पेन ठेवलंय, पिशवी वहिनींच्या ताब्यात जाईल, आणि मी सावलीच्या कोणत्या बाजूला झोपायचं हे तिथं जाऊन ठरवीन.

त्या रात्री नांदेडला नाटक संपल्यावर एक परीक्षक विंगेत आले होते. पुण्याकडचे, सडसडीत, हातात पेन. त्यांना शेवट फार आवडला होता की अजिबात आवडला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. म्हणाले, सगळं नाटक एका हाताचं वाटतं, शेवट वेगळ्याच हाताचा. हा लिहिला कुणी? मी छाती पुढं काढली. बोर्डावर माझंच नाव होतं. मुनीरभाई गुडघ्यावर बसून घोंगडीची घडी घालत होते. त्यांनी घडीचे काठ जुळवले, वरून हात फिरवला आणि मान वर न करता म्हणाले,

"कुणीच न्हाई साहेब. त्या दिवशी येळवस होती."